खंदकातले खंजीर: मशीनगनच्या युद्धात सुऱ्याचं काय काम होतं?

तळेगावकर
सध्या पहिल्या महायुद्धावर वाचन चालू आहे. एकीकडे मशीनगन, विषारी वायू, रणगाडे, विमानं. आणि त्याच चार वर्षांत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि शेवटी अमेरिका, सगळ्यांच्या शिपायांच्या हातात खंजीर आले. त्यातले काही तर फारच चमत्कारिक. अमेरिकेचा 1918 चा 'मार्क वन' घ्या. ओतीव काशाची मूठ, तिला चार बोटं अडकवायला चार कड्या, कड्यांवर टोकं, पुढे साधारण 17 सेंटिमीटरचं दुधारी पातं आणि मुठीच्या बुडाला कवटीवर हाणायला टोकदार नट. एकाच वस्तूत तीन हत्यारं.

माझे प्रश्न दोन आहेत. कित्येक मैलांवरून तोफा डागणाऱ्या सैन्याला याची गरज का पडली? आणि हे खंजीर खरोखर चालले का? माझं मत असं की ते मुख्यतः धीर यावा म्हणून दिलेले असावेत. ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहावं.

सह्यवेडा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबीत आहे. फ्रेंचांची लेबेल रायफल साधारण 1.30 मीटर लांब. तिच्यावर 52 सेंटिमीटरची संगीन चढवली की एकूण 1.82 मीटर, म्हणजे शिपायापेक्षा उंच. जर्मन गेवेर 98 आणि तिची लांब संगीन यांचंही तेच. ही लांबी आली घोडदळामुळे. उघड्या मैदानात पायदळाने रांग धरून घोडेस्वाराला अंतरावर रोखायचं, हा हिशेब.

खंदक सरळ नसतो. एक गोळा पडला तर सगळी रांग जाऊ नये म्हणून तो दर काही पावलांवर मुद्दाम वळवलेला असतो. रुंदी दोन माणसं कशीबशी एकमेकांना ओलांडून जातील एवढी. चाळीच्या जिन्यात शिडी फिरवून बघा, म्हणजे लेबेल घेऊन खंदकात वळणं काय असेल ते कळेल.

आणि रात्रीच्या धाडी! दहा-वीस माणसांनी तारांखालून सरपटत जायचं, पहारेकरी गाठायचा, एखादा कैदी किंवा कागदपत्रं घेऊन परत यायचं. तिथे गोळी झाडली की सगळी आघाडी जागी.

शांभवी_७
मस्त विषय. वाचतेय.

मृण्मयी_ल्यों
फ्रान्समधून लिहितेय, इथली बाजू सांगते. सुरुवात कारखान्यांनी केलीच नाही, ती शिपायांनी केली. 1914 च्या शेवटी आघाडी चिखलात रुतली तेव्हा खंजीर कोणाकडेच नव्हते. मग हाताला लागेल त्यातून सुरे घडवले गेले. काटेरी तारा ताणण्यासाठी लोखंडी गज रोवलेले असत. तो गज तापवायचा, एक टोक ठोकून अणी काढायची आणि दुसरं टोक वळवून मुठीचं कडं करायचं. त्याला 'फ्रेंच खिळा' असं नाव पडलं. मोडक्या लेबेल संगिनी कापूनही खंजीर केले जात.

कारखाने मागाहून आले. ओव्हर्न्य भागातलं तियेर हे गाव शेकडो वर्षं सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथे 1916 च्या नमुन्याचा एक खंजीर बनला आणि त्याच्या पात्यावर अक्षरं कोरली: 'ल वाँजर द 1870', म्हणजे 1870 चा सूड घेणारा. त्या साली सुरू झालेल्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवून आल्सास आणि लोरेनचा भाग काढून घेतला होता. तळेगावकर, धीर देण्याचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून हे सांगितलं. ज्या पात्यावर छेचाळीस वर्षांपूर्वीचा पराभव कोरलेला आहे, ते फक्त कापण्यासाठी बनवलेलं नाही.

ज्यांच्या कमरेला हे असायचे त्यांना 'खंदक साफ करणारे' म्हणत. पहिली लाट पुढे निघून गेली की मागे बिळांत राहिलेल्या शत्रूला हुडकून काढायचं, हे त्यांचं काम. त्या कामाबद्दल युद्धानंतर इथे फार कोणी मोकळेपणाने बोललं नाही.

डॉ_परांजपे
दुसऱ्या प्रश्नासाठी आकडे देतो. ब्रिटिशांच्या अधिकृत वैद्यकीय इतिहासात 2,12,659 जखमींची विभागणी आहे. तोफगोळे आणि मॉर्टर 58.51 टक्के, गोळ्या 38.98 टक्के, हातबाँब 2.19 टक्के, संगीन 0.32 टक्के. हजारात तीन. खंजिराचा तर वेगळा रकानासुद्धा नाही.

तळेगावकर
डॉक्टर, हजारात तीन म्हणजे माझ्या मताला बळच मिळालं.

माजी_फौजी_सातारा
थांबा राव. हे आकडे दवाखान्यात पोचलेल्यांचे आहेत. हातघाईत भोसकला गेलेला माणूस दवाखान्यापर्यंत येतच नाही, तो तिथेच राहतो. तोफगोळ्याचा तुकडा दंडाला लागला तर स्ट्रेचरवरून येतो. त्यामुळे 0.32 वरून 'सुरा चालला नाही' असं काढता येणार नाही.

दुसरं. शत्रू संगीन लावून येतोय हे दिसल्यावर बहुतेक वेळा समोरचा एक तर पळतो नाही तर हात वर करतो. हत्याराने काम केलं, पण जखम झाली नाही. ते कुठल्या रकान्यात मांडणार?

डॉ_परांजपे
पहिला मुद्दा रास्त आहे, जागच्या जागी गेलेले यात नाहीत. पण डोक्यात किंवा छातीत गोळी लागलेलेही दवाखान्यात येत नाहीत, तोफगोळ्याने चिंधड्या झालेले तर मुळीच नाहीत. म्हणजे गाळण सगळ्याच रकान्यांना लागते. प्रमाण थोडं वाढेल, पण चित्र उलटं होणार नाही. दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

चिंचेचंबोट
एक शंका. बोटं त्या काशाच्या कड्यांत अडकवल्यावर पाठ खाजवायची कशी? खंदकात उवा भरपूर होत्या म्हणतात.

लोहारआळी
चिंचेचंबोट, हसून घ्या, पण मार्क वनचं खरं दुखणं तिथेच होतं. बोटं कड्यांत गेली की पकड एकच, मूठ हातात फिरवता येत नाही. सुरा उलटा धरायचा तर बोटं काढून पुन्हा घालावी लागतात. शिवाय मूठ जड आणि पातं मुठीपाशी बारीक, त्यामुळे ते सांध्यात मोडायचं. त्याआधीचा 1917 चा नमुना आणखी एकमार्गी. पातं तीन कडांचं, सरळ दाभणासारखं, त्यामुळे भोसकण्याशिवाय कशालाच उपयोग नाही. दोरी कापायची म्हटलं तरी धार नाही.

आमच्या घरी तीन पिढ्या विळे-कोयते घडवतात, म्हणून दोन गैरसमजांवर लिहितो, कारण असल्या प्रत्येक चर्चेत ते येतातच.

एक, पात्याच्या अंगावरची पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, ती नसली तर पातं शरीरात अडकून बसतं. अजिबात नाही. पन्हळ काढली की पात्याचं वजन घटतं आणि ताठपणा जवळपास तेवढाच राहतो. इमारतीच्या लोखंडी गर्डरचा आकार तसा का असतो, त्याचं जे उत्तर तेच याचं. तलवारींना पन्हळ असते ती याचसाठी.

दोन, तीन कडांच्या पात्यावर जिनिव्हा कराराने बंदी घातली कारण ती जखम शिवता येत नाही. असं कलम कुठेही नाही. हेग नियमांत, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, विनाकारण यातना देणाऱ्या शस्त्रांना मनाई आहे, पण पात्याचा आकार ठरवून दिलेला नाही. तीन-चार कडांची पाती मागे पडली कारण शिपायाला रोजच्या कामाला धार लागते.

इतिहासवेडी_नाशिक
याला जोडून. जर्मन पायोनियर (खोदकाम-बांधकाम करणाऱ्या) तुकड्यांच्या संगिनीच्या पाठीला करवतीचे दाते असत, लाकूड कापायला. दोस्तांच्या वर्तमानपत्रांनी ती क्रौर्याची खूण म्हणून इतकी गाजवली की जर्मनांनी 1917 च्या सुमारास ते दाते घासून काढायला लावले. आणि ज्या जर्मनीवर हा आरोप होता तिनेच सप्टेंबर 1918 मध्ये अमेरिकेच्या खंदकातल्या शॉटगनविरुद्ध हेग नियमांवर बोट ठेवून निषेध नोंदवला.

गडकोट
एवढी चर्चा झाली आणि कट्यारीचं नाव नाही? ब्रिटनमध्ये डडलीच्या रॉबिन्स कंपनीने मुठीत धरून ठोसा मारायचे खंजीर बनवले होते. ॲल्युमिनियमची मूठ तळहातात आडवी आणि पातं बोटांच्या मधून सरळ पुढे. ही आपली कट्यारच! आडवी मूठ, मनगटाच्या रेषेत पातं, सगळ्या खांद्याचं बळ अणीवर. दीडशे वर्षं हिंदुस्थानात राहून इंग्रजांनी ती उचलली नसेल?

इतिहासवेडी_नाशिक
गडकोट, ओढा कळतो, पण इतक्या सरळ जोडू नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को इथे खिशात मावणारे ठोशाचे खंजीर सर्रास मिळत. त्यांचा आकार रॉबिन्सच्या खंजिराला जास्त जवळचा आहे. कट्यारीला मनगटाच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये मूठ, आणि अणी मुद्दाम जाड ठेवलेली असते, चिलखताच्या कड्या फोडायला. खंदकात बहुतेकांच्या अंगावर चिलखत नव्हतं, जाड लोकरीचे कोट होते. गरज सारखी असली की दोन ठिकाणी सारखी वस्तू घडू शकते.

गडकोट
गरज सारखी होती हे मान्य करताय ना, मग माझा अर्धा मुद्दा तरी उभा आहे :) 10 नोव्हेंबर 1659. प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात भेट, दोघांत हातभराचंही अंतर नाही, तलवार उपसायला जागा नाही. सभासदाच्या बखरीत महाराजांकडे वाघनख आणि बिचवा, दोन्ही येतात. अंगरख्याखाली चिलखत होतं म्हणून खानाचा वार निभावला. जागा नसली की लांब शस्त्र निरुपयोगी ठरतं, हे आपल्याकडे चांगलंच ठाऊक होतं.

सह्यवेडा
+१. आणि 2024 मध्ये लंडनहून साताऱ्याला आलेली वाघनखं पाहिली असतील तर आकार किती लहान असतो ते लक्षात आलं असेल. (ती तीच का, हा वाद कृपया इथे नको, त्याचे वेगळे धागे आहेत.)

माजी_फौजी_सातारा
विषय आपल्या लोकांपर्यंत आलाच आहे तर फ्रान्समधले आपले लोकही सांगतो. पश्चिम आघाडीवरच्या अगदी सुरुवातीच्या धाडींपैकी एक नोव्हेंबर 1914 मध्ये 39 व्या गढवाल रायफल्सने घातली. त्याच महिन्यात, 23-24 तारखेच्या रात्री, फेस्टुबेरजवळ गेलेला खंदक परत घेताना नाईक दरवानसिंग नेगी पुढे होते. डोक्याला दोन जखमा, दंडाला एक, तरी प्रत्येक वळणावर पहिल्यांदा वळणाऱ्यांत ते. समोरून बाँब आणि गोळ्या अगदी जवळून. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे 10 मार्च 1915 ला नव्ह शापेलला त्याच रेजिमेंटचे रायफलमन गबरसिंग नेगी. बाँब फेकणाऱ्यांच्या सोबत जी संगीनवाली टोळी असते तिच्यात ते होते, आणि तेही प्रत्येक वळण पहिले ओलांडत गेले. ते तिथेच पडले.

सह्यवेडा, तुमच्या लांबीच्या मुद्द्याशी माझं थोडं जमत नाही ते इथेच. लांब संगीन खंदकात अगदी निकामी असती तर ती टोळी पुढे ठेवली नसती. खंदक साफ करायची रीत अशी: वळणापलीकडे हातबाँब टाकायचा, तो फुटला की संगीनवाल्याने वळायचं, मागून दुसरा बाँबवाला तयार. ब्रिटिश-हिंदी रायफल 1.13 मीटरची, लेबेलपेक्षा आखूड, म्हणून जमत होतं. खंजिराचं काम धाडीत, अंधारात आणि एकमेकांच्या अंगावर पडल्यावर. तो शेवटचा उपाय होता.

शांभवी_७
गुरख्यांच्या खुकरीचं काय? ती म्हणे एकदा म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत जात नाही.

माजी_फौजी_सातारा
ताई, ते खरं असतं तर लंगरात भाजी कोण चिरणार? खुकरी हे त्यांचं घरचं आणि शेतातलं अवजार. लाकूड तोडा, बोकड कापा, झुडपं छाटा. म्हणूनच ती हातात इतकी बसलेली असते. खंदकासाठी नव्याने कोणी काही शोधायच्या आधीच गुरखा पलटणी आपलं हत्यार कमरेला लावून फ्रान्सला उतरल्या होत्या.

लोहारआळी
फौजीकाका, तुम्ही लाखातलं बोललात. रोजच्या कामाला येणारंच पातं टिकतं, हे दुसऱ्या महायुद्धातही दिसतं. अमेरिकेने 1943 मध्ये काशाच्या मुठी सोडून एम-3 हा सरळ खंदकी सुरा काढला. चामड्याच्या चकत्यांची मूठ, साधी रचना, तांबं-पितळ वाचलं. पण पातं बारीक, रेशनची पेटी उचकटायला गेलं की टोक मोडायचं. मरीन लोकांनी 1942 च्या नोव्हेंबरात युनियन कटलरीच्या नमुन्याचा जाड, एका बाजूने धारेचा सुरा घेतला, तोच पुढे 'का-बार' म्हणून गाजला. डबे उघडा, खुंट्या ठोका, खड्डा खणा, आणि वेळ आली तर लढा. एम-3 विस्मरणात गेला, का-बार आजही बनतोय.

मृण्मयी_ल्यों
मग फेअरबर्न-साइक्स? त्याने तर डबा उघडता येत नाही, तरी तो जगातला सगळ्यात ओळखीचा खंजीर आहे.

सह्यवेडा
त्याची गोष्ट युरोपातली नाहीच, शांघायची आहे. फेअरबर्न आणि साइक्स हे दोघे शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत होते. बंदराच्या गल्ल्यांतल्या मारामाऱ्या पाहून त्यांनी जवळून लढायची पद्धत बांधली. 1940 मध्ये ब्रिटनला परतले, कमांडोंना शिकवू लागले, आणि विल्किन्सन सोर्ड कंपनीकडून 1941 पासून तो बारीक दुधारी खंजीर बनू लागला. लोहारआळी म्हणतात ते दोष त्याच्यातही आहेत, टोक नाजूक, इतर कामाला शून्य. पण पहारेकऱ्याला आवाज न करता गाठणं या एकाच कामासाठी तो घडवलेला होता. पुढे तो हत्यारापेक्षा चिन्ह म्हणून जास्त जगला. जगभरच्या कमांडोंच्या बिल्ल्यांवर तो आहे.

चिंचेचंबोट
आणि धोनीच्या ग्लोव्हजवर! 2019 चा वर्ल्ड कप, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची मॅच. आयसीसीने काढायला लावला तो 'बलिदान' बिल्ला म्हणजे पॅरा स्पेशल फोर्सेसचा पंख लावलेला खंजीर. या धाग्यात क्रिकेट आणून दाखवलं, आता चहा पाजा.

माणगावची_लेक
चहा माझ्याकडून, कारण चिंचेचंबोट यांनी मला लिहायला वाट करून दिली. आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944, इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. बाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन रिकामं झालं, बदलायला वेळ नव्हता. म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. त्यानंतर स्नायपरच्या गोळ्यांनी ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

तळेगावकरांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. इतक्या जवळच्या लढाईत खंजीर शोधायला कमरेकडे हात नेण्याइतकाही वेळ नसतो. हातात असतं ते हत्यार.

आणि बिल्ल्याचा धागा असा जुळतो: घाडगे ज्या पलटणीत होते ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन पुढे छत्रीधारी झाली आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, 2 पॅरा (मराठा), बनली. 11 डिसेंबर 1971 ला, बांगलादेश युद्धात, टांगाइलला पॅराशूटने उतरली ती हीच. आज ती स्पेशल फोर्सेसमध्ये आहे. म्हणजे घाडग्यांच्या पलटणीचे वारस तो खंजिराचा बिल्ला छातीवर लावतात.

गडकोट
माणगावची_लेक, हे जोडलेलं ठाऊक नव्हतं. मानाचा मुजरा.

डॉ_परांजपे
'हातात असतं ते हत्यार' याला दुजोरा. खंदकात फावड्याची कड घासून धारदार केलेली असायची. खिळे ठोकलेले सोटे तर दोन्ही बाजूंनी बनवले. आणि हे जुनं झालं असं वाटत असेल तर 15 जून 2020 आठवा. प्रत्यक्ष ताबारेषेजवळ गोळीबार न करण्याचा 1996 चा करार, त्यामुळे गलवानमध्ये रात्री दगड, सळया आणि खिळे लावलेले सोटे. आपले वीस जवान गेले. विसाव्या शतकातल्या खंदकातलं हत्यार एकविसाव्या शतकात परत आलं, ते तंत्राने नाही, कराराच्या अटीमुळे.

तळेगावकर
एवढं सगळं वाचून माझा पहिला प्रश्न आता नीट मांडता येतोय. खंजीर आला कारण लांब रायफल अरुंद जागेत आली. मग तो गेला का? मला वाटतं, कारण रायफलच आखूड झाली. 1918 मध्ये जर्मन हल्ला-तुकड्यांच्या हातात बर्गमनची एमपी-18 सबमशीनगन आली, अमेरिकेने शॉटगन आणली. दोन्ही खंदकात वळतात. मार्क वन बहुतेक आघाडीवर पोचायच्या आत युद्धच संपलं. धीर देण्याचा मुद्दा मी अजून सोडत नाही, मृण्मयींनी सांगितलेली ती कोरलेली अक्षरं माझ्या बाजूने आहेत.

लोहारआळी
बरोबर, आणि संगीनही आखूड झाली. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात 1907 च्या नमुन्याची 17 इंची संगीन 12 इंचांवर आणली, जंगलात वावरायला. अमेरिकेने 1944 मध्ये एम-3 सुऱ्याच्या पात्यालाच रायफलीवर बसायची कडी लावून एम-4 संगीन केली. सुरा आणि संगीन पुन्हा एक झाले. आजच्या कलाश्निकोव्हच्या संगिनीचं म्यान आणि पातं जोडून तार कापता येते. म्हणजे तारांमधून सरपटणाऱ्या शिपायाला 1915 मध्ये जे हवं होतं ते त्याच्या नातवाच्या पिढीला मिळालं.

शांभवी_७
हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर कुठे?

मृण्मयी_ल्यों
फ्रान्समध्ये आलीस तर सॉम भागात पेरॉनचं महायुद्ध संग्रहालय, आणि सुऱ्यांसाठी तियेरचं. नव्ह शापेलचं हिंदी सैनिकांचं स्मारकही चुकवू नकोस. चार हजारांहून जास्त नावं आहेत, 1927 मध्ये उभारलं. पेरॉनहून गाडीने जाता येतं.

गडकोट
आणि कट्यारींसाठी पुण्यातलं केळकर संग्रहालय. शांभवी, ग्रुप जमवत असशील तर मीही येतो. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल.